पाचाच्या बटनावरचा माणूस

परदेशातून गावाकडं येणाऱ्या माणसाच्या बॅगेत काय असतं, हे विमानतळावरच्या यंत्रापेक्षा आमच्या गल्लीतल्या बायकांना जास्त बराबर कळतं. खजूर, अत्तराच्या बाटल्या, दुधाच्या पावडरचा मोठा डबा, डोकं दुखलं की चोळायचा बाम. माझ्याही बॅगेत हे सगळं होतं. शिवाय एक कागद होता. मी बारा वर्षं मस्कतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत होतो आणि कंपनीनं आणखी तीन वर्षांचा करार पुढं केला होता. सही करून आण, नाहीतर नाही म्हणून सांग, म्हणजे मला दुसरा माणूस बघता येईल, असं मॅनेजर म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही.

विमानतळावर सोडायला बायको आली होती. सविता म्हणाली, "जायचं की राहायचं, ते ठरवूनच या. दरवर्षी तेच दळण दळून मला कंटाळा आलाय." लेकीची पाचवीची परीक्षा होती, म्हणून दोघी मागं राहिल्या आणि मी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर एकटाच निघालो. बारा वर्षांत तीनदा आलो होतो, पण एकदा लग्नाला, एकदा घर पत्र्याचं स्लॅबचं करायला आणि एकदा वडील गेले तेव्हा. नुसतं गाव बघायला असा आलोच नव्हतो.

नांदेड ते डोंगरकडा

नांदेडहून सकाळची एसटी धरली. अर्धापूर मागं पडलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी लागते, आणि त्यानंतर त्या दिवशी तो वास आला. फाल्गुनात आमच्याकडं हळद उकडायची घाई असते. शेताशेतातून वाफ निघत होती, ताडपत्र्यांवर पिवळे ढीग पडले होते आणि अख्ख्या बसमध्ये उकडलेल्या हळदीचा वास भरला होता. ओल्या मातीचा, थोडा कडवट. लहानपणी ह्याच वासानं माझं डोकं दुखायचं. आता चाळिशीचा बाप्या खिडकीत तोंड घालून रडायला लागला. काय करता!

शेजारी एक म्हातारबा बसले होते. त्यांनी मला खालीवर बघितलं.

"कोणाचा रं तू?"

"डोंगरकड्याच्या मारोतराव पाटलांचा. ज्ञाना."

"आरं, मारोतरावचा! तो परदेशात गेलेला?" त्यांनी पिशवीतून दोन केळी काढून माझ्या हातात कोंबली. "खाय. तिकडं असली कुठं भेटतेत."

मस्कतला बारा वर्षं मला जो भेटला त्यानं "कंपनी कोणती?" असंच विचारलं. त्याबद्दल तक्रार नाही. तिथं तीच माझी ओळख होती आणि त्याच ओळखीनं मला जेवू घातलं. पण "कोणाचा?" हा प्रश्न ऐकला आणि वाटलं, चला, आपण अजून कोणाचे तरी आहोत. दोन्ही केळी मी उतरायच्या आत संपवली.

माय दारातच उभी होती. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि मग मिठी मारून रडली. तिच्या डोळ्यावर जाड काचेचा नवा चष्मा होता.

"हा कधी लागला?"

"लागला एकदाचा. गंगाधरनं आणून देला. तू आधी जेव."

गंगाधर माझा चुलतभाऊ. शेजारीच राहतो, आमचं रान बटईनं करतो, मायच्या फोनमध्ये रिचार्जही तोच मारतो. तो ओट्यावर बसला होता. चष्म्याचा विषय निघाला तसा उठून म्हशीला पाणी पाजायला गेला. म्हैस नुकतीच पाणी पिऊन आली होती, हे मला दिसत होतं. पण ताटात येसर आमटी आणि गरम भाकर होती, त्यामुळं मी फार खोलात गेलो नाही.

कळमनुरी

चौथ्या दिवशी बँकेत गेलो. परत यायचं असो की नसो, माझं जुनं खातं झोपलेलं होतं ते जागं करायचं होतं. परदेशात जाणाऱ्यांना मी कळकळीनं सांगतो, घर सोडून जाताना दाराला कुलूप लावू नका एक वेळ, पण आपला मोबाईल नंबर बंद पडू देऊ नका. रेशनकार्ड, आधार, बँक, गॅस, सगळी दारं त्या एका नंबरानं उघडतात. मी मस्कतला गेल्यावर दोन-तीन वर्षं माझं इथलं सिम रिचार्ज केलं, मग कंटाळा केला. नंबर गेला.

खिडकीतला पोरगा भला होता. आंगठा, फोटो, पासपोर्ट सगळं बघून म्हणाला, "काका, ओटीपी तुमच्या जुन्या नंबरवर चाललाय. तो कोणाकडं हाय?"

मला काय ठाऊक! माझं मस्कतचं सिम इथं मुकं होऊन बसलं होतं, म्हणून त्या दिवशी मायचा फोन खिशात आणला होता. साधा, बटनांचा. माय शाळेत गेली नाही, आकडे ओळखत नाही. म्हणून जाताना मीच तिला दाखवून ठेवलं होतं: सगळ्या बटनांच्या मधोमध जे बटन आहे, पाचाचं, त्यावर बोटाला लागेल असा एक बारीक उंचवटा असतो. तो चाचपायचा आणि दाबून धरायचा, की ज्ञानाला फोन लागतो. पुढं मीच मस्कतहून दर शुक्रवारी सुट्टीला फोन करायला लागलो. तिनं मला फोन लावायची गरज उरली नाही असं मी धरून चाललो, आणि पाचावरचा नंबर बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

लागणार नाहीच, असं धरून मी ते बटन दाबलं. दुसऱ्या रिंगला फोन उचलला.

"बोला माय! आज लई उशीर केला. डोळ्यात थेंब घातले का?"

मी विचारलं, "कोण बोलतंय?"

पलीकडचा आवाज एकदम चढला. "तू कोण? मायचा फोन तुझ्यापाशी कसा आला? चोरला का रं? कुठं हायेस, जागा सांग आधी! माय बरी हाय ना?"

माझ्याच मायच्या फोनवर, माझ्याच नंबरवरून, एक परका माणूस मलाच चोर म्हणत होता. बँकेतली माणसं वळून बघायला लागली. मी दात ओठ खात नाव सांगितलं. पलीकडून लोखंडाचा खडखडाट ऐकू आला.

"ज्ञानाभाऊ? मस्कतवाले? माफ करा भाऊ. या ना इकडं, आखाडा बाळापूरच्या अलीकडं रोडलाच हळदीचा कुकर लावून राहिलोय. पेटवलाय, सोडून येता येत न्हाई. न्हाईतर मीच आलो असतो."

खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात एकच आलं: म्हाताऱ्या बायांना गोड बोलून फसवणाऱ्यांतला हा एक. ओटीपीच्या बातम्या आम्ही मस्कतलाही वाचतो. बाहेर गंगाधर मोटारसायकलवर थांबला होता. त्याला म्हणालो, "चल बाळापूरला. एका माणसाचं थोबाड रंगवायचंय."

गंगाधरनं सगळं ऐकून घेतलं आणि किक मारली. "चल," म्हणाला. "रंगवायच्या आधी बघ फक्त."

आखाडा बाळापूरच्या अलीकडं

लांबूनच वाफ दिसली. शेताच्या कडेला ट्रॉलीवर मोठा बॉयलर, त्याला जोडलेले चार लोखंडी ड्रम, बायका घमेल्यानं ओली हळद आणून ओतताहेत. आणि त्या ड्रमांवर, ट्रॉलीवर, पाण्याच्या टाकीवरसुद्धा, पिवळ्या रंगात हातभर मोठ्या आकड्यांत माझा मोबाईल नंबर लिहिलेला! 'हळद शिजवून मिळेल' आणि खाली माझा नंबर. लग्नपत्रिकेवर छापला होता तोच. मी भांडायला आलो होतो, ते तोंड उघडं ठेवूनच उभा राहिलो.

फोनवरचा माणूस, वसराम राठोड, पुढं आला. जवळच्या तांड्यावरचा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, अंगावर काजळी. हात पुसून त्यानं वाकून नमस्कार केला, मला दोन पावलं मागं सरावं लागलं.

"आमच्या आज्याच्या टायमाला ह्याच्या तांड्यावरचे लोक बैलांवर माल वाहायचे," गंगाधरनं ओळख करून दिली. "ह्यो आता कुकर घेऊन तीन तालुके फिरतो. आपली हळदबी ह्योच शिजवतो." म्हणजे गंगाधर त्याला चांगला ओळखत होता. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो परत म्हशीच्या शोधात निघाल्यासारखा बाजूला झाला.

वसरामनं लिंबाखाली पोतं अंथरलं आणि न विचारता सगळं सांगितलं.

"चार साल झाले. बाळापुरात नवं सिम घेतलं अन् तिसऱ्याच दिवशी फोन. 'ज्ञाना, जेवलास का?' म्हटलं माय, राँग नंबर हाय. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी म्हटलं, माय, मी ज्ञाना न्हाई, मी वसराम. तर म्हणे, 'बरं, मग तू जेवलास का?' आता काय म्हणावं भाऊ? आमच्यात आईला याडी म्हणतेत. माझी याडी त्याच साली गेली होती. मला कोणी इचारत नव्हतं जेवलास का म्हणून."

तेव्हापासून रोज फोन. फार काही नाही, दोन-चार वाक्यं. म्हैस व्याली. पाऊस नाही. गुडघा दुखतो. मागच्या हिवाळ्यात माय म्हणाली, अंगणातलं जातं दिसलं नाही आणि मी त्यावर पडले. वसराम दुसऱ्या दिवशी डोंगरकड्याला येऊन उभा राहिला. गंगाधरला घेऊन तिला नांदेडच्या डोळ्यांच्या शिबिरात नेलं. मोतीबिंदू. दोन्ही डोळे, महिन्याच्या अंतरानं. रोज थेंब घातले की नाही हे तो फोनवरून विचारायचा.

आणि त्या दोन्ही महिन्यांत, दर शुक्रवारी, माय मला म्हणत होती, "सगळं बराबर हाय. तू तुझी काळजी घे."

"मला का नाही सांगितलं कोणी?" मी ओरडलोच. घमेली वाहणाऱ्या बायका थांबल्या.

"मायनं शप्पथ घातली होती," वसराम म्हणाला. "म्हणे, एकदा मला ताप आल्याचं त्याला सांगितलं तर तो शिडीवरून पडला, हात मोडून घेतला. आता त्याला कायच सांगायचं न्हाई."

मला आठवलं. सहा वर्षांपूर्वी मायला ताप होता. त्याच आठवड्यात मी एका इमारतीवर शिडीवरून घसरलो, मनगट मोडलं. शिडी जुनी होती, बाकी काही नाही. पण ते मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या, आणि सहा वर्षं तोंड शिवून बसली.

मी पोत्यावर बसून ढसाढसा रडलो. बारा वर्षं राबलो ते मायसाठी, असं मी लोकांना सांगत आलो. घर बांधलं, पंखे लावले, फ्रीज घेतला. आणि ती आंधळी होत होती तेव्हा तिचा हात धरून दवाखान्यात नेणारा माणूस माझा नंबर बंद पडल्यामुळं तिला मिळाला. माझ्या आळसातून एवढं भलं निघालं याबद्दल देवाचे आभार मानावेत की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात, कळेना.

तेवढ्यात वसरामची बायको चहा घेऊन आली. एक कप झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. ओमानमध्ये यजमान कावा, म्हणजे तिथली कॉफी, असाच ओतत राहतो. पुरे झालं की तोंडानं बोलायचं नसतं, रिकामा कप हातात हलवायचा. सवयीनं मी कप हलवला. बाईनं चटकन कप हिसकावून घेतला, आत वाकून बघितलं, "माशी पडली का व्हय?" म्हणाली आणि धुऊन चौथा चहा भरून आणला. वसराम हसायला लागला, मीही रडता रडता हसलो. तिथले ते म्हातारे ओमानी साहेब आठवले, ज्यांनी मनगट मोडल्यावर मला महिनाभर घरून जेवण पाठवलं होतं. इकडं वसराम, तिकडं ते. मला सगळीकडं दुसऱ्यांनीच सांभाळलं.

"भाऊ, नंबर तुमचा हाय," वसराम उठत म्हणाला. "तुमाला पायजे तर दुकानात जाऊन नावावर करून देतो. बँकेची तकलीफ नको."

हा माणूस तीन तालुक्यांच्या रानात रंगवलेला, चार वर्षांचा धंदा उभा केलेला नंबर चहाच्या कपासारखा पुढं करत होता.

"राहू दे बाबा," मी म्हणालो. "बँकेला आंगठा देऊन नवा नंबर देतो मी. तेवढा आजचा ओटीपी आला असंल तर पुसून टाक."

"तो तर कधीच पुसला. मायनं सांगून ठेवलंय, कोणी आकडे पाठवले तर कोणाला द्यायचे न्हाई."

मग त्यानं मला ड्रमपाशी नेलं, झाकण उचललं, वाफेत हात घालून एक हळकुंड काढलं आणि त्यात बारीक काडी खुपसली. काडी अडली. "अजून कच्चं. आता काढलं तर सुकल्यावर भुगा होतो. जादा ठेवलं तर रंग जातो. म्हणून सोडून जाता येत न्हाई." थोड्या वेळानं काडी माझ्या हातात दिली. मी खुपसली, लोण्यात गेल्यासारखी गेली. "झालं!" मी ओरडलो, आणि बायकांनी ड्रम उलटा केला. बारा वर्षं मी दुसऱ्यांची घरं थंड केली होती. त्या दिवशी वाफेनं तोंड भाजून घेताना बरं वाटत होतं. निघताना अत्तराची एक बाटली त्याच्या हातात ठेवली. त्यानं तिथंच काजळीच्या सदऱ्यावर निम्मी शिंपडली.

पुन्हा डोंगरकडा

घरी आलो तर माय ज्वारी निवडत बसली होती. गंगाधरचा चेहरा बघूनच तिला कळलं.

"भेटलास वाटतं वसरामला."

"माय, एवढं सगळं परक्याला सांगितलंस, आन् मला न्हाई?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. "तुला सांगून काय झालं असतं? तू तिथं तडफडला असतास. इमानाला पैसे घातले असतेस न्हाईतर शिडीवरून पडला असतास. त्याला सांगितलं तर तो नुस्तं व्हय म्हणतो, अन् लागलं तर येतो. जवळ हाय ना तो."

रागही आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. मी दुसरं केलं. ती म्हणाली, "उठ, येड्या. ज्वारी सांडून राहिली."

सवितेला गंगाधरच्या फोनवरून सगळं सांगितलं, आता काय करू म्हणून विचारलं. ती म्हणाली, "मला विचारून काय करता? तुमचा आवाजच सांगतोय." तरी ती चार प्रश्न विचारायला विसरली नाही. पोरीची शाळा कुठं? काम काय करणार? उन्हाळ्यात लाईट किती जाते? आणि महिन्याभरात 'तिकडं बरं होतं' म्हणून उसासे टाकणार असाल तर आत्ताच सांगा. प्रश्न चारही बराबर होते. मी एकाचंच उत्तर धड देऊ शकलो: अर्धापूरकडं केळी पिकवायच्या थंड खोल्या झाल्या आहेत आणि त्या बिघडल्या की दुरुस्तीला माणूस मिळत नाही.

पण सही करायची की नाही, हे अजून मी मायला बोललो नव्हतो. कागद बॅगेतच होता. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी इथलं नवं सिम घेऊन आलो आणि तिच्याजवळ बसलो. "माय, आण तुझा फोन. पाचाच्या बटनावर माझा नवा नंबर टाकतो. वसरामला दुसऱ्या बटनावर ठेवू."

तिनं फोन पदराखाली घेतला.

"काहून?"

"म्हणजे तुला मला लावता येईल."

"पाचावर त्यालाच राहू दे. माझं बोट तिथंच जातं." तिनं चष्मा वर केला आणि त्या नव्या डोळ्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तू परत जाणार असशील तर टाक बाबा कुठल्याबी बटनावर, शुक्रवारी बोलू. अन् हितं राहणार असशील, तर तुझा नंबर मला कशाला पायजे? मी हाक मारीन की."

बारा वर्षांत तिनं मला एकदाही 'ये' म्हटलं नव्हतं. तेव्हाही नाही म्हटलं. मी बॅगेतला कागद काढला आणि सही न करता तसाच घडी घालून पासपोर्टमध्ये ठेवला.

मस्कतला जाऊन तो तसाच परत केला. मॅनेजरनं हात मिळवला, ओमानी साहेबांनी घरी बोलावून जेवू घातलं, माझ्या हाताखालच्या केरळी पोरांनी खजुराचा डबा बांधून दिला. मला त्या देशानं काही कमी केलं नाही. आम्ही तिघं उन्हाळ्याच्या सुट्टीत आलो. ह्याला आता सहा महिने झाले. अर्धापूरकडं थंड खोल्यांच्या दुरुस्तीला जातो, पगाराचं विचारू नका. लाईट जाते. लेक पहिला महिना रोज रडली, आता गंगाधरच्या म्हशीवर बसून फोटो काढते आणि सवितेपेक्षा जास्त 'काहून' म्हणते. रेशनकार्डावर नावं चढायची अजून बाकी आहेत. वसरामच्या बॉयलरचा पंप मी मागच्या आठवड्यात उघडून दिला. तो अजून रोज मायचा फोन घेतो, आणि कधी मी घरी असलो तर दोघं मिळून माझ्याच चुगल्या करतात.

एवढं लिहीपर्यंत आतून आवाज आला. "ज्ञाना! भाकर निवून राहिली, कव्हाची हाक मारतेय!"

आलो, माय.